दोऱ्याचा हलवा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या समस्त मराठी मंडळींना, तसेच ज्यांना मराठी कळते पण बोलताना तिसऱ्या शब्दाला हिंदीचा आधार लागतो अशा त्यांच्या मुलाबाळांना, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखिकेस टॅटिंगची शटल हातात धरण्यास तहहयात बंदी घालण्यात आली आहे. सदर हुकूम गोरखीतल्या एका गच्चीवर, भर दुपारी, चार साक्षीदारांसमोर सुनावण्यात आला. त्यावर अपील नाही. हुकूम देणाऱ्या बाईंनी सत्तरी ओलांडली आहे, त्यांच्या मांडीवर कात्री असते, आणि किल्ल्याचा एखादा बुरूज एक वेळ जागचा हलेल, त्या हलणार नाहीत.

ह्या बाईंना सगळं लष्कर काकू म्हणतं. त्यांच्यापेक्षा वयाने मोठे आहेत तेसुद्धा.

आता टॅटिंग म्हणजे काय ते सांगते. मला ते करता येत नाही, म्हणून मी ते फार छान समजावून सांगते. एक दोरा डाव्या हाताच्या बोटांभोवती घ्यायचा. दुसरा शटलमध्ये भरलेला असतो. शटल म्हणजे बोटभर लांबीची, दोन्ही टोकांना निमुळती, होडीसारखी वस्तू. ती दोऱ्याच्या खालून नेली की अर्धी गाठ. वरून नेली की उरलेली अर्धी. अशा दोन अर्ध्यांची एक पुरी गाठ. वीस-पंचवीस गाठी झाल्या की दोरा ओढायचा, आणि गाठींची ती रांग वळून तिचं एवढंसं कडं होतं. मध्ये मध्ये दोऱ्याचा छोटा फासा मोकळा सोडला तर कड्याला बाहेरून नाजूक टोकं येतात. काकू त्या टोकांना काटा म्हणतात, हलव्याला काटा येतो तसा. अशी कडी एकमेकांत गुंतवत गेलं की लेस तयार होते.

आणि ह्या कामाचा खरा जाच पुढे आहे. एकदा कडं ओढून बंद केलं की ते उसवत नाही. क्रोशाचं काम उसवतं, स्वेटर उसवतो, टॅटिंग उसवत नाही. चुकलं तर कापायचं.

हिवाळ्यात दुपारी जेवणं आटोपली की काकूंच्या गच्चीवर आम्ही जमतो. मी हरिशंकरपुरमहून स्कूटरवर येते. एक निवृत्त नर्सबाई येतात. दोघी बहिणी येतात, ज्या फक्त एकमेकींशी बोलतात आणि तेही कुजबुजून, त्यामुळे बाकीच्यांना सतत वाटतं की आपल्याबद्दलच चाललंय. काकू आणि त्यांची सून घरच्याच. ह्या गच्चीवर दोऱ्याचे दागिने होतात. झुमके तर होतातच, पण चिंचपेटी होते, बुगडी होते, बारीक मणी ओवून ठुशी होते, नथसुद्धा होते. सोन्याची ठुशी सराफ्यात कोणीही विकत घेईल. दोऱ्याची ठुशी ह्या गच्चीवरच मिळते, आणि गळ्यात घातली की आहे की नाही तेही कळत नाही. मी ती घालून लग्नाला गेले होते आणि तीन बायकांनी मला कोपऱ्यात नेऊन विचारलं होतं.

मी शिकायला बसले त्याला आता चार वर्षं झाली. पहिल्या आठवड्यात मी जे काही तयार केलं ते काकूंनी दोन बोटांत धरून उजेडाकडे नेलं.

"हे काय आहे?"

"झुमका."

"कोणाचा?"

"माझा."

"तुझ्या कानांनी तुझं काय वाईट केलंय?"

दुसऱ्या महिन्यात माझी शटल, माझं बोट आणि नर्सबाईंच्या शालीचा गोंडा एकाच गाठीत सापडले. त्या दिवशी हुकूम निघाला. बाड्यावरच्या बाजारातून दोरा आणणं, चहा करणं, वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवणं आणि प्रदर्शनात गिऱ्हाइकांशी बोलणं एवढी कामं माझ्याकडे ठेवण्यात आली. मी ती आनंदाने स्वीकारली. तीस वर्षं गणपतीच्या नाटकांत शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवला आहे. एवढा आवाज असताना बोटांना कशाला त्रास द्यायचा?

गच्चीचा एकच कायदा आहे. कुठलाही दागिना काकूंच्या अंगठ्याखालून गेल्याशिवाय जिना उतरत नाही. काकू डोळे मिटतात आणि डाव्या अंगठ्याचं नख लेसच्या कडेवरून फिरवत नेतात. नखाखाली गाठी मोजल्यासारख्या सरकतात. कंटाळून किंवा घाईत कुठे एखादी अर्धीच गाठ राहून गेली असली, तर तिथे नख किंचित अडकतं. डोळ्यांना ते दिसत नाही. मी भिंग लावून पाहिलंय. मग काकू डोळे उघडतात, "हं" म्हणतात आणि कात्री उचलतात. कुठे चुकलं ते सांगत नाहीत. ते आपलं आपण शोधायचं.

नर्सबाईंच्या दहापैकी आठ वस्तू पास होतात. बहिणींच्या नऊ. सुनेची, ही गोष्ट घडली तोवर, एकही झालेली नव्हती.

ही सून भिंडची. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठीत फक्त 'हो' आणि 'नको' येत होतं, आणि काकूंसमोर ह्यातला पहिलाच शब्द उपयोगी आहे हे तिने दोन दिवसांत ओळखलं. टॅटिंग तिला कोणी शिकवलं नाही. चहाचे कप गोळा करायला यायची, उभी राहायची, बघायची. एक दिवस तिने स्वतःची शटल आणली आणि जिन्याच्या तोंडाशी, चपलांच्या शेजारी बसली. तीन वर्षं ती तिथेच बसत होती. काकूंनी तिची वस्तू कापली की ती दर वेळी एकाच आवाजात म्हणायची, "ठीक है, आईजी," आणि शटल भरायला घ्यायची. आई आणि मम्मीजी ह्यांच्या मधोमध तिने ही हाक शोधून काढली होती. कापलेले तुकडे ती फेकत नसे. एका लहानशा उशीच्या अभ्र्यात भरून ठेवत असे. उशी निम्म्याच्या वर आली होती.

मी एकदा तिला विचारलं, "अगं, तुला राग नाही येत?"

"आता है, मावशीजी. पण राग आला की गाठ टाइट होते. मग अजून कापली जाते."

तर त्या पौषात, संक्रांतीच्या आठवडाभर आधी, शिंदे की छावनीतल्या एक आजीबाई जिना चढून आल्या. त्यांना दहा महिन्यांची नात होती आणि रथसप्तमीच्या आधीच्या रविवारी तिचं बोरन्हाण ठरलं होतं. काळं झबलं शिवून तयार होतं. दागिने हवे होते, हलव्याचे, काकूंच्या हातचे.

"हिच्या बापालाही तुम्हीच घातले होते," त्या म्हणाल्या. "तुमचा हलवा अंगावर पडला की पोर वर्षभर आजारी पडत नाही."

लष्करातल्या मराठी घरांत नव्या सुनेची पहिली संक्रांत असो की बाळाचं बोरन्हाण, दागिने काकूंचे. चाळीस वर्षं हे चालत आलेलं. परातीत तीळ घ्यायचे, शेगडी अगदी मंद ठेवायची, चमचा चमचा पाक घालत बोटांनी तीळ हलवत राहायचं, हलकेच, न थांबता, दिवसचे दिवस. मग एकेका तिळावर साखरेचा काटा उभा राहतो. दोऱ्याचं काम तर काकूंनी ह्या हलव्यावरूनच सजवलं होतं.

"करते," काकू म्हणाल्या.

आम्हा पाचही जणींची नजर त्यांच्या शालीकडे गेली. कारण काकूंचा उजवा हात दिवाळीपासून थरथरत होता, आणि त्या वेळीही शालीखाली थरथरतच होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, पण परातीत गोळ्या बसून हलवा ढवळत नाहीत. फक्त कात्री हातात घेतली की हात एकदम शांत व्हायचा. नर्सबाईंच्या मते वैद्यकशास्त्राने ह्याची नोंद घ्यायला हवी होती.

आजीबाई खूश होऊन उतरल्या. दुसऱ्याच दिवशी काकूंनी शेगडी गच्चीवर आणवली. दोन दिवस हलवा टकला आला, एकाही दाण्याला काटा नाही. तिसऱ्या दिवशी हात जरा जोरात हलला, पाक एकाच जागी पडला आणि सगळ्याचा मिळून एक गोळा झाला. काकूंनी तो गोळा बराच वेळ पाहिला.

"चहात घाल," मला म्हणाल्या.

त्यानंतर आठवडाभर आम्ही तिळाचा चहा प्यायलो. बहिणीसुद्धा कुजबुजल्या नाहीत.

गोळा झाला त्याच दुपारी चपलांच्या शेजारून आवाज आला, "आईजी, मी करू का?"

"हलवा? तुला पाकाची तार तरी कळते का?"

"हलवा नाही. दोऱ्याचा. पूरा सेट. काटे तर तसेच दिसतात."

"पोर काय दोरा चघळणार? संक्रांतीचा दागिना साखरेचा असतो. एवढंही माहीत नसेल तर बोलू नये."

"तो पाक में डुबा देंगे. कडक पण होईल." मग ती म्हणाली, "तुम्हीच सांगितलं होतं ना, पहले टेबलाचे रुमाल पाकात घालून कडक करत होते."

हे खरं होतं आणि ते काकूंनीच सांगितलं होतं. नर्सबाईंनी चष्मा पुसायला घेतला. म्हणजे त्यांना हसू आलं होतं.

काकूंनी शेगडीकडे पाहिलं, स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "कर," त्या म्हणाल्या. "मुकुट, हार, दोन बाजूबंद, दोन बांगड्या, कंबरपट्टा. पण माझ्या अंगठ्याखालून गेल्याशिवाय जिना उतरायचा नाही, बाळ असो की बाळाचा बाप. आणि वेळेत नाही झालं तर मी छावणीत जाऊन हात जोडून येईन. चाळीस वर्षांत कोणाला नाही म्हटलेलं नाही. पहिलं 'नाही' मी तुझ्या नावावर म्हणेन."

"ठीक है, आईजी."

संक्रांत झाली. हातात जेमतेम अडीच आठवडे होते. सून चपलांच्या जागेवरून उन्हात आली, कारण तिला उजेड हवा होता, आणि तिला कोणी अडवलं नाही. सकाळी स्वयंपाक करून बसायची, दुपारी आमच्यात बसायची. तिच्या डाव्या तर्जनीवर दोऱ्याने लाल रेघ पडली होती. चार वाजता ती दिवसभराचं काम काकूंच्या मांडीवर ठेवायची. डोळे मिटायचे, नख फिरायचं. "हं." कात्री. "ठीक है, आईजी."

सहा दिवसांत अभ्रा भरत आला आणि मुकुटाचा पत्ता नव्हता.

आणि इथे मी, जिला कोणी काही विचारलं नव्हतं, रंगमंचावर प्रवेश केला.

माझ्या डोक्यात असं आलं होतं की काकू गाठ नाही, हात ओळखतात. सुनेचा हात आहे म्हटलं की नख अडकणारच. लष्करात काय, साऱ्या जगात सासवांच्या नखांना ही सवय असते, असं माझं मत होतं, आणि मला ते सिद्ध करायचं होतं. माझ्याकडे पुरावाही होता. माझ्या लग्नात, तीस वर्षांपूर्वी, काकूंनी मला एक रुमाल दिला होता. चारी बाजूंनी टॅटिंगची लेस, काकूंची स्वतःची, हात ऐन भरात असतानाची. मी रुमालाच्या एका बाजूची शिवण उसवली, लेस सोड्याच्या पाण्यात उकळली, नीळ दिली, आणि पिवळटपणा जाऊन ती अशी पांढरी झाली की माझ्या लग्नात तरी इतकी होती की नाही कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी चार वाजता चहा देण्याच्या निमित्ताने मी सुनेच्या बाजूबंदाची पट्टी उचलली, पर्समध्ये टाकली आणि तिच्या जागी माझी ठेवली. कोणाला कळलं नाही. नाटकात मी यापेक्षा मोठ्या वस्तू गायब केल्या आहेत.

काकूंनी डोळे मिटले. नख सरकत गेलं. एका जागी नख थांबलं, मागे गेलं, पुन्हा पुढे आलं.

"हं," काकू म्हणाल्या, आणि कात्रीने पट्टीचे दोन तुकडे केले.

मी उठून उभी राहिले. अशा वेळी बसून बोलता येत नाही. "काकू," मी शेवटच्या रांगेच्या आवाजात म्हणाले, "आत्ता तुम्ही जे कापलंत ते तुमच्याच हातचं होतं. माझ्या लग्नातल्या रुमालाची लेस आहे ती."

शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाईसुद्धा थांबली. बहिणींनी एकमेकींचा हात धरला. काकूंनी चष्मा लावला, तुकडे डोळ्यांजवळ नेले, उलटून पाहिले.

"तुझ्या रुमालाची?"

"हो."

"कोपऱ्यापासून तिसरं कडं. तिथे अर्धी गाठ राहिली होती. मुलाला ताप होता, एका मांडीवर तो आणि एका मांडीवर हे. रुमाल तुला देऊन घरी आले आणि जेवताना आठवलं." त्यांनी तुकडे पदराने पुसले. "तीस वर्षं तुझ्याकडे येते, पाणी पिते आणि बघते, तो रुमाल कुठे दिसतोय का. मेली, ठेवला होतास कुठे?"

"ट्रंकेत," मी म्हणाले. आवाज पहिल्या रांगेपर्यंतही गेला नसेल.

"बरं झालं आणलास. जिवाला लागून राहिलं होतं."

मी बसले. पण अंक संपला नव्हता. सून उठून माझ्यासमोर आली होती. तिचा चेहरा मी पहिल्यांदाच असा पाहिला.

"मावशीजी, मेरी वाली पट्टी दीजिए."

"अगं, मी तुझ्यासाठीच..."

"मला असं पास नाही व्हायचं. आईजींना खोटं पाडून मी पास होणार का? मग तो मुकुट त्या बच्ची के सर पर कसा ठेवू?" तिने हात पुढे केला. मी पर्स उघडली. तिने पट्टी काकूंच्या मांडीवर ठेवली. काकूंनी डोळे मिटले, नख फिरवलं, आणि तीही कापली.

ह्या वेळी मात्र "ठीक है" आलं नाही. सून काकूंच्या पायाशी बसली.

"चूक कुठे होती, आईजी? दाखवा."

इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. नर्सबाईंनी नाही, बहिणींनी नाही. काकूंना भिऊन आम्ही कापलेलं मुकाट्याने उचलत आलो होतो, आणि काकूंना वाटत असावं की ह्यांना कळतंय. काकूंनी कात्री बाजूला ठेवली. मग स्वतःच्या थरथरत्या हाताने तिचा अंगठा धरला आणि लेसच्या तुकड्यावर ठेवला.

"बघू नकोस. डोळे मीट. तू डोळ्यांनी गाठ करतेस, म्हणून ती डोळ्यांना बरोबर दिसते. चल पुढे. हळू. इथे काय लागलं?"

"काही नाही."

"परत."

"काही... हां. इथे खड्डा आहे. छोटासा."

"त्याला अर्धी गाठ म्हणतात. आता उठ, सूर्य चाललाय. आणि तू," हे मला, "चहा गार झालाय. दुसरा कर."

दुसऱ्या दिवसापासून गच्चीवर एक विचित्र गोष्ट सुरू झाली. सून काम करताना मध्येच थांबायची, डोळे मिटायची, अंगठा फिरवायची आणि स्वतःच कात्री उचलायची. काकूंच्या मांडीवर यायच्या आधीच तिच्या वस्तू कापल्या जाऊ लागल्या. एकदा तर तिने नऊ कड्यांची पूर्ण झालेली रांग पहिल्या कड्यापासून छाटली. मी हातातलं वर्तमानपत्र तोंडावर धरलं, मला बघवेना.

"राहू दे ना गं," नर्सबाई म्हणाल्या. "बाळ काय नखं लावून बघणार आहे?"

"आईजी बघणार ना," सून म्हणाली आणि शटल भरायला घेतली.

चार वाजता काकूंकडे थोडंच यायचं. काकू नख फिरवायच्या, मागे न्यायच्या, पुन्हा पुढे. "हं" निघायचं नाही. कात्री मांडीवरच राहायची. ह्याचा काकूंना आनंद व्हायला हवा होता, पण त्या दिवसेंदिवस चिडचिड्या होत गेल्या. चहात आलं कमी आहे, ऊन तिरपं आहे, वर्तमानपत्रात काही अर्थ नाही. मी बरोबर काय ते ओळखलं होतं, पण माझी पत गेलेली असल्यामुळे बोलले नाही.

बुधवारी हार पुरा झाला. गुरुवारी दुपारी शेवटचं कडं ओढून तिने मुकुट पूर्ण केला. सातही वस्तू तिने एका स्वच्छ पंच्यावर मांडल्या आणि पंचा काकूंसमोर ठेवला. पांढऱ्या दोऱ्याचे ते शेकडो काटे उन्हात असे दिसत होते की मी हात लावायला गेले आणि हातावर चापट बसली.

"ठेव इथे," काकू म्हणाल्या. "मी बघते."

गुरुवारी त्या बघत होत्या. शुक्रवारी सकाळपासून बघत होत्या. जेवायला उठल्या, परत येऊन बसल्या. आम्ही जमलो तेव्हाही बघतच होत्या. डोळे मिटलेले, एक हात पंच्यावर, दुसऱ्यात कात्री. सुनेने त्या दोन दिवसांत घरातली सगळी पितळी भांडी घासली. एकदा मी स्वयंपाकघरात गेले तर ती तीच पातेली दुसऱ्यांदा घासत होती.

"पास आहे का गं?" मी विचारलं.

"त्या काही बोलतच नाही आहेत. बोल देतीं तो..." तिने पातेलं पालथं ठेवलं. "नाही म्हणाल्या तरी चालेल, मावशीजी. अजून कल का दिन है. मुकुट परत बनवू शकते मी."

ती खरंच परत करू शकली असती. तिने शटल भरून ठेवली होती.

शनिवारी सकाळी काकूंनी पंचा उचलून तिच्या हातात दिला आणि एवढंच म्हणाल्या, "पाक कर."

पास म्हणाल्या नाहीत. वेळ संपली म्हणून दिला, की अंगठ्याखालून गेला म्हणून दिला, हे कळायला काही मार्ग नव्हता. सुनेने पाक केला. काकू खुर्ची आणून तिच्या मागे बसल्या आणि तार बघायला लावली. लेस पाकात बुडवून निथळली, मुकुट पातेल्यावर ताणून बसवला, बांगड्या वाट्यांवर चढवल्या, आणि सगळं गच्चीतल्या उन्हात स्टुलावर मांडलं. स्टुलाचे चार पाय पाण्याने भरलेल्या चार वाट्यांत ठेवले, मुंग्यांसाठी. ग्वाल्हेरच्या मुंग्या किती हट्टी असतात ते बाहेरच्यांना सांगून पटायचं नाही. पाणी ओलांडता येत नाही म्हटल्यावर त्या कपडे वाळवायच्या दोरीवरून येऊन वर जमल्या आणि खाली बघत राहिल्या. मला पहाऱ्यावर बसवण्यात आलं. त्या दिवशी मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात जबाबदारीचं काम केलं, हातात एक वर्तमानपत्राची गुंडाळी घेऊन.

संध्याकाळपर्यंत दोरा कडक झाला. टिचकी मारली की वाजत होता.

रविवारी छावणीत वीस-पंचवीस बायका आणि त्याहून जास्त मुलं जमली होती. बाळाला पाटावर बसवलं, काळ्या झबल्यावर एकेक दागिना चढवला. मुकुट बसला. बाळाने आजूबाजूला पाहिलं आणि ताबडतोब डाव्या हातातली बांगडी तोंडात घातली. तिला ती आवडली. मग उजव्या हातातली घातली. आईने बोरं, उसाचे तुकडे, चुरमुरे आणि गोळ्या डोक्यावरून ओतल्या, मुलं तुटून पडली, आणि त्या सगळ्या गडबडीत बाळ शांतपणे स्वतःचे दागिने खात बसलं होतं. बघता बघता बांगड्यांमधली साखर विरघळली आणि कडक काटे मऊ होऊन लोंबायला लागले.

काकू भिंतीशी खुर्चीवर बसल्या होत्या. सून दाराशी उभी होती, हातात तिळगुळाचं ताट, पुढेही येत नव्हती आणि मागेही जात नव्हती.

पुण्याहून आलेल्या बाळाच्या दुसऱ्या आजी मुकुटाकडे बघून म्हणाल्या, "काय काटा आलाय हो हलव्याला. आमच्याकडे असा येतच नाही. हा तुमच्याच हातचा ना, काकू?"

छावणीच्या आजीबाईंनी मोठ्या अभिमानाने बाळाची बांगडी बोटांत धरली, आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी ती ओढली. ती ताणली गेली.

"अहो, हा तर दोरा आहे," त्या म्हणाल्या. "काकू, तुम्ही तर करते म्हणाला होतात. हा हलवा नाही?"

मुलंसुद्धा बोरं वेचायची थांबली. दाराशी सुनेने ताट छातीशी घट्ट धरलं. मी तोंड उघडलं होतं, चांगलं दोन पानांचं भाषण तयार होतं, पण नर्सबाईंनी माझ्या पायावर पाय दिला.

काकूंच्या तोंडात तिळगूळ होता. त्यांनी तो गिळायचीही वाट पाहिली नाही. शालीतून थरथरता हात काढून त्यांनी थेट दाराकडे बोट केलं आणि सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात बोलून गेल्या, "माझ्या हातचा नाही, हिच्या हातचा आहे. दोन दिवस कात्री घेऊन शोधत बसले होते, मेलीने कापायला एक जागा ठेवली नाही."